पोटावर हात कोण ठेवणार?

आमच्या वस्तीतील विहारात दर पौर्णिमेला महिला मंडळाची बैठक होते. वंदना झाली की बायका आपापले विषय काढतात. रेशनचे, नळाचे, पोरांच्या शिष्यवृत्तीचे. मागे अशाच एका बैठकीला आम्ही एका निवृत्त सिस्टरना बोलावले होते. त्या आपल्याच समाजातल्या. पस्तीस वर्षे सरकारी दवाखान्यात त्यांनी बाळंतपणे केली. आल्या आल्या त्यांनी भाषण ठोकले नाही. वस्तीतल्या गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीसुनांना त्यांनी आपापली कार्डे घेऊन यायला सांगितले होते. ती कार्डे त्यांनी सतरंजीवर पसरली आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. अकरा कार्डे होती. त्यातल्या सात कार्डांवर रक्तदाबाच्या रकान्यात पहिल्या तपासणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत एकच आकडा होता : १२०/८०.

सिस्टर म्हणाल्या, "इतका सरळ रक्तदाब भिंतीचाही नसतो गं बायांनो."

सगळ्या हसल्या. मग सिस्टरनी विचारले, "तुमच्यापैकी कितीजणींच्या दंडाला दर वेळी पट्टा बांधला?" तीन हात वर झाले. "आणि कितीजणींना झोपवून, पोट उघडं करून, दोन्ही हातांनी चाचपून बाळ कसं आहे ते बघितलं?" दोन हात वर झाले, आणि तिसरा अर्धाच वर येऊन खाली गेला. आता कुणी हसत नव्हते.

त्या अर्ध्या वर आलेल्या हाताविषयी आम्हाला आज लिहायचे आहे.

समाजबांधवांनो, आपल्या चळवळीत शिक्षणावर बोलले जाते, आरक्षणावर बोलले जाते, अत्याचारावर तर रोजच बोलावे लागते. पण बाळंतपण हा विषय निघाला की सभेतले पुरुष पाय मोकळे करायला बाहेर जातात. तो बायकांचा विषय, तो दवाखान्याचा विषय. आम्ही म्हणतो, तो स्पर्शाचा विषय आहे. आणि स्पर्शाचा विषय आपला नाही तर कुणाचा?

थोडे समजावून सांगितले पाहिजे. बाईचे दिवस भरत आले किंवा कळा सुरू झाल्या की दवाखान्यात तिला सर्वात आधी डॉक्टर भेटत नाही, नर्स भेटते. त्या पहिल्या अर्ध्या तासात नर्स जे करते, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते : बाईला दाखल करायचे, घरी पाठवायचे की ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचे. आणि या कामाला कोणतेही भारी यंत्र लागत नाही. लागतात ते दोन हात, एक कान, एक पट्टा, लघवी तपासण्याची एक पट्टी आणि विचारण्यासाठी तोंड.

आधी विचारायचे. कळा कधीपासून, किती मिनिटांनी? पाणमोट फुटली का, फुटली असेल तर पाणी स्वच्छ होते की हिरवट? हिरवट म्हणजे बाळाने पोटातच शी केली, ते धोक्याचे असू शकते. रक्त गेले का? बाळ हालते का, कालच्याइतके हालते का? डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, छातीखाली पोटात दुखते का? हे शेवटचे तीन प्रश्न नीट लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावर येणार आहोत.

मग हात. बाईला लघवी करून यायला सांगायचे, उताणी झोपवून गुडघे किंचित दुमडायचे, नर्सने आपले हात चोळून ऊबदार करायचे आणि चार प्रकारे पोट चाचपायचे. लिओपोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ही पद्धत जगभर शिकवली जाते. पहिल्यांदा गर्भाशयाच्या वरच्या टोकाला हात लावून तिथे बाळाचे डोके आहे की कुल्ला हे ओळखायचे. मग दोन्ही बाजूंना, बाळाची पाठ कुठे आणि हातपाय कुठे. मग खाली ओटीपोटावर, डोके आले का आणि ते कटीत उतरले की अजून तरंगते आहे. सिस्टर सांगतात की सरावलेल्या हाताला बाळ आडवे आहे हे क्षणात कळते, आणि आडवे बाळ कळा सुरू झाल्यावर कळणे म्हणजे उशीर झालाच. टेपने पोटाची उंचीही मोजायची. सहाव्या महिन्यानंतर ती सेंटिमीटरमध्ये साधारण जितके आठवडे तितकी भरते. फारच कमी भरली तर बाळ नीट वाढत नाही अशी शंका घ्यायची.

त्यानंतर कान. बाळाची पाठ जिकडे तिकडे फीटोस्कोप किंवा डॉपलर लावून ठोके मोजायचे, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला ११० ते १६० हे ठीक. मग तोच हात पुन्हा पोटावर ठेवून दहा मिनिटे बसायचे. होय, दहा मिनिटे. दहा मिनिटांत कळा किती आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे हाताखाली घट्ट होणाऱ्या पोटावरून मोजायचे. खऱ्या कळा हळूहळू वाढतात आणि चालल्याने वा झोपल्याने थांबत नाहीत. खोट्या कळा विस्कळीत असतात आणि विरतात. तपासल्याशिवाय खऱ्या की खोट्या हे सांगता येत नाही. आतून तपासणी सर्वात शेवटी, हात धुऊन, मोजे घालून, बाईला सांगून, आडोसा करून. आणि रक्त जात असेल तर आतून तपासायचेच नाही, कारण वार खाली असेल तर बोट लागून रक्ताचा पाट वाहतो.

हे सगळे वाचून वाचकाला वाटेल की आम्ही दवाखान्याचे पुस्तक उतरवून काढतो आहोत. काढतो आहोत. कारण आमच्या सख्ख्या बहिणीच्या लेकीच्या बाबतीत यातले काहीच झाले नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलटकरीण होती. नववा लागला होता. दोन दिवस डोके दुखत होते, चेहरा आणि पाय सुजले होते. पहिलेपणात सूज येतेच असे म्हणून घरच्यांनी काणाडोळा केला. आम्हीही त्यातच होतो, दोष दुसऱ्याला देताना हे लपवणार नाही. रात्री अकराला कळा सुरू झाल्या, जीप करून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. ड्युटीवर एकच नर्स. तिने दारातूनच नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले. गावाचे नाव सांगितल्यावर "गावातली की वस्तीवरली?" हेही विचारले. मग म्हणाली, "पहिली खेप आहे, वेळ लागेल. सकाळी या." बहीण म्हणाली, "बाई, एकदा हात लावून बघा की." त्यावर उत्तर आले, "आम्हाला शिकवू नका."

पोटावर हात पडला नाही. दंडाला पट्टा बांधला गेला नाही. पहाटे चारला पोरीला झटके आले. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तदाब १७०/११० होता. तिथल्या लोकांनी दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने दिली. पोरगी वाचली. बाळ गेले, मुलगा होता.

हे इंजेक्शन महाग नाही. झटके आलेल्या बाईसाठी ते इतर औषधांपेक्षा सरस आहे हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले. झटके येण्याआधीच दिले तर त्यांचा धोका निम्म्यावर येतो, हे २००२ च्या दुसऱ्या चाचणीने दाखवले. म्हणजे उपाय होता. फक्त कुणीतरी पट्टा बांधून १४०/९० च्या वर गेलेला आकडा बघायला हवा होता आणि ते तीन प्रश्न विचारायला हवे होते. डोके दुखते का? डोळ्यांपुढे अंधारी येते का?

पुढे आम्ही त्या दवाखान्याच्या नोंदवहीची नक्कल मिळवली. त्या रात्रीच्या ओळीत पोरीचे नाव होते. पुढे लिहिले होते : रक्तदाब १२०/८०, बाळाचे ठोके १४०, खोट्या कळा, घरी पाठवले.

ती नर्स जातीमुळे तशी वागली काय? आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. त्या रात्री आत टेबलावर दुसरी बाई अडलेली होती, हे आम्हाला मागाहून कळले. नर्स कंत्राटी होती, सलग दुसरी पाळी करीत होती. तिलाही घर असेल, लेकरे असतील. एका नर्सच्या डोक्यावर सगळे खापर फोडणे सोपे आहे आणि शासनाला ते हवेच असते. जागा रिकाम्या ठेवणारे, कंत्राटावर राबवणारे मंत्रालयात बसलेले असतात, त्यांचा हात कुठल्याच पोटापर्यंत पोचत नाही. हे सगळे मान्य. पण "वस्तीवरली का?" हा प्रश्न कुठल्या वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात आहे? आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर तिचा हात खिशातच का राहिला? ज्याला आयुष्यभर असे प्रश्न विचारले गेले आहेत, त्याला याचे उत्तर कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

ही आमचीच कल्पना आहे असे कुणी म्हणेल. तर २००१-०२ मध्ये अकरा राज्यांतील ५६५ गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ती २००६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील दलित मुलांना दवाखान्यात कसे वागवले जाते याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये आला. औषध देताना आणि तपासणीसाठी अंगाला हात लावताना भेदभाव होतो, हे त्यात मुलांनी स्वतः सांगितले. औषध वरून टाकायचे. नाडी लांबून बघायची. लेकराला हात लावताना जे मन कचरते, ते त्याच्या आईच्या उघड्या पोटावर हात ठेवताना सोवळे सोडेल काय?

आणि इथे इतिहासाची गंमत बघा. गंमत हा शब्द कडू आहे, पण दुसरा सुचत नाही. बाळंतपणाचा विटाळ मानणाऱ्या या देशात शतकानुशतके बाळंतिणीच्या अंगाला हात लावायचे, नाळ कापायची, वार पुरायची हे काम कुणाकडे होते? महाराष्ट्रात अनेक गावांत सुईण मांगवाड्यातून यायची. उत्तरेत दाई बहुधा चर्मकार समाजातली. उच्चवर्णीयांच्या घरात एरवी जिची सावली चालत नव्हती, तिचे हात त्या दहा दिवसांपुरते चालत होते, कारण ते काम घाण होते. लिओपोल्डच्या कितीतरी आधी आपल्या आज्यापणज्या पोट चाचपून बाळ आडवे की उभे हे सांगत होत्या. सगळ्याच बरोबर होत्या असे आम्ही म्हणत नाही. मळक्या विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने लेकरे दगावली हेही खरे. पण हात होता. मग तेच काम दवाखान्यात गेले, त्याला पांढरा पोशाख, पगार, पदविका आणि प्रतिष्ठा मिळाली. सुईणीला घाण कामाची म्हणून मूठभर जोंधळे मिळत होते. आज तिच्याच नातीचे पोट हात लावायच्या लायकीचे राहिले नाही.

आमच्या सिस्टरनी याची दुसरी बाजू सांगितली. नर्सिंगला असताना त्या एका बाळंतिणीचे पोट तपासायला गेल्या. बाईच्या सासूने आडनाव विचारले आणि म्हणाली, "दुसऱ्या सिस्टरला पाठवा." सिस्टर म्हणाल्या, "मी गेले नाही. म्हटलं, आजी, तुमच्या नातवाचे ठोके मला ऐकू येतायत. दुसरीला बोलवेपर्यंत थांबायचं का?" आजी गप्प बसली. त्या बाईचे बाळंतपण सिस्टरनीच केले. म्हणजे आपला हात तिथे गेला तरी विटाळ, आणि त्यांचा हात आपल्यापर्यंत आला तरी विटाळ!

कायदा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी सुधारणा झाली, तिच्यात तर दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांची नावे घालून प्रवेश अडवणे हा गुन्हा ठरवला. पण आमच्या बहिणीच्या लेकीचा प्रवेश कुणी अडवला नव्हता. ती आत गेली होती. बाकावर बसली होती. नोंदवहीत तिचे नाव होते, आकडेही होते. न लावलेल्या हाताची फिर्याद कुठल्या कलमाखाली द्यायची? पोलीस स्टेशनात ठाणे अंमलदाराने आम्हाला हाच प्रश्न विचारला, आणि खरे सांगतो, आमच्यापाशी उत्तर नव्हते.

न्यायालयाने मात्र एकदा या गोष्टीकडे डोळे उघडून पाहिले आहे. शांतीदेवी नावाची अनुसूचित जातीतील बाई, बिहारमधून पोटासाठी फरीदाबादला आलेली. एका खेपेला पोटातले बाळ दगावले तरी तिला दवाखान्यांच्या दारांतून परत फिरावे लागले. पुढच्या खेपेला, जानेवारी २०१० मध्ये, ती घरीच बाळंत झाली आणि मरण पावली. त्याच सुमारास दिल्लीत फातिमा नावाची बेघर बाई रस्त्याकडेच्या झाडाखाली चारचौघांच्या डोळ्यांदेखत बाळंत झाली होती. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. मुरलीधर यांनी ४ जून २०१० रोजी दोन्ही प्रकरणांचा एकत्र निकाल दिला. सुरक्षित बाळंतपण हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे त्यांनी म्हटले आणि नुकसानभरपाई द्यायला लावली. बाबासाहेबांच्या घटनेने लेबर रूमचे दार ठोठावले ते असे. दुर्दैव इतकेच की हा निकाल आपल्या शिबिरांत कुणी शिकवत नाही.

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो तोही सुटू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. ज्या माणसाने हे मांडले, त्याच्या घरात गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गेली होती. रमाईच्या कुशीत जगला तो एक यशवंत. आई आणि मूल हा त्यांच्यासाठी पुस्तकातला प्रश्न नव्हता.

पुढे त्या कायद्याचे वंशज म्हणून १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला, आणि २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. कुणाला? जिची नोकरी कागदावर आहे तिला. बीड, जालना, धाराशिवहून ऊस तोडायला जाणारी आमची बाई कुठल्या कागदावर आहे? तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. आठवा महिना भरला तरी ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत, आशाताई गावाकडे, आणि बाई कोल्हापूर, सांगली किंवा थेट कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी कोपीत. पोटाची उंची मोजणार कोण, कशाशी ताडून? २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली, त्यातील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. जिच्या पोटावर बाळंतपणात कुणी हात ठेवत नाही, तिच्या पोटावर सुरी चालवायला मात्र हात मिळतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण आमच्यातले काही कार्यकर्ते रागाच्या भरात उलटे टोक गाठतात. कळा सुरू झाल्याबरोबर बाईला दाखल केलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले की गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचा काळ. तो किती तास चालेल याचा ठरलेला नियम नाही आणि पुढेही तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशोब प्रत्येक बाईला लावू नये. याच सुरुवातीच्या काळात घाईने टेबलावर घेतले तर मग सलाईनमधून कळांचे औषध चढवा, तरी होत नाही म्हणून सिझर करा, असा फेरा सुरू होतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातील पंचवीसहून अधिक बाळंतपणे सिझरने झालेली आढळली. तेव्हा "अजून वेळ आहे, घरी जा" हे वाक्य वैद्यकशास्त्रात बसते. पण ते म्हणायचा अधिकार तपासणी केल्यावर येतो. रक्तदाब पाहिला, लघवी पाहिली, ठोके ऐकले, पाणमोट शाबूत आहे, बाळाचे डोके खाली आहे, घर जवळ आहे आणि रात्री गाडी मिळेल, एवढे बघून नर्सने घरी पाठवले तर आम्ही तिला हात जोडू. दारातून पाठवले तर तो हाकलण्याचाच प्रकार.

त्याच पाहणीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, २००५-०६ मध्ये हा आकडा ६४.६ होता. हे आशाताईंच्या तंगडतोडीचे फळ आहे, ते नाकारू नये. राज्यात २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. शासन याचे फलक लावते. पण त्या ३३ मध्ये कोणत्या समाजाच्या किती, हे या आकडेवारीत जातवार छापले जात नाही. मरणाचीही जात मोजा, अशी आमची मागणी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये कळांतल्या बाईच्या देखभालीचा नवा तक्ता काढला. त्यात ठोके, कळा, रक्तदाब हे रकाने आहेतच, पण त्यांच्याही वर एक रकाना आहे : बाईसोबत तिचे माणूस आहे का, होय की नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका बाईला थांबू द्यावे असे कळवले आहे. हे आम्ही महिला मंडळात मुद्दाम सांगतो, कारण जिच्या उशाशी आई किंवा मावशी उभी असते तिला थप्पड बसत नाही, आणि "तेव्हा बरं वाटलं, आता का ओरडतेस?" हे घाणेरडे वाक्यही ऐकावे लागत नाही. आतापर्यंत दवाखान्यांत आपल्या किती लेकींनी ते ऐकले असेल, मोजदाद नाही.

सिस्टरनी त्या दिवशी बायकांना भांडायला शिकवले नाही. विचारायला शिकवले. "सिस्टर, माझा बीपी किती आला?" "ठोके किती?" "बाळाचं डोकं खाली आहे ना?" एवढेच, नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत. आणि मिळालेला आकडा कार्डावर तिच्यासमोर लिहून घ्यायचा. एक म्हातारी म्हणाली, "आपण विचारलं की त्या चिडत्यात." सिस्टर म्हणाल्या, "चिडू दे. चिडली तरी पट्टा बांधावाच लागतो, कारण आकडा तुला सांगायचाय. न विचारणारीचा आकडा पेनातून येतो मावशी."

अर्ध्यावर हात वर करणारी जी होती, ती बैठक संपल्यावर मागे थांबली. तिला सातवा महिना होता. सिस्टरनी विहाराच्या मागच्या खोलीत चटई टाकली, दार लोटले. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा पदर नीट करीत सासूला सांगत होती की बाळाची पाठ डावीकडे आहे.

महिला मंडळाने वर्गणीतून रक्तदाबाचे एक मशीन घेतले आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून ती योजना आहे. त्या दिवशी मंडळाच्या दोघीजणी वस्तीतल्या लेकींबरोबर जातात. पुढच्या पौर्णिमेला सिस्टर पुन्हा येणार आहेत. ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांनी कार्ड घेऊन यावे, आणि सासवांनीही यावे. पुरुष आले तरी चालतील, त्या दिवशी कुणी पाय मोकळे करायला बाहेर जाऊ नये.